'झॉम्बी' : जिंकल्यावर गायचं गाणं आहे का हे?

काळी_पाच

२३ सप्टेंबर २०२३, रग्बी विश्वचषक, पॅरिस. आयर्लंडने दक्षिण आफ्रिकेला १३-८ असं हरवलं आणि स्ताद द फ्रान्समध्ये क्रॅनबेरीज या आयरिश बँडचं 'झॉम्बी' लागलं. हिरव्या जर्सीतले हजारो लोक बेंबीच्या देठापासून गात होते. ती क्लिप जगभर फिरली आणि तिकडे आयर्लंडमध्ये जुंपली. मी तेव्हापासून या वादाबद्दल मिळेल ते वाचतोय, आणि माझं मत दिवसेंदिवस पक्कं होत गेलंय: हे गाणं असं गाऊ नये.

ज्यांना यातलं फक्त 'ए, ए, ए' माहीत आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. २० मार्च १९९३, शनिवार. इंग्लंडमधलं वॉरिंग्टन गाव. दुसऱ्या दिवशी तिकडचा मातृदिन, त्यामुळे बाजारात गर्दी. आयआरए, म्हणजे उत्तर आयर्लंडमधून ब्रिटिशांना घालवण्यासाठी लढणारी सशस्त्र संघटना, तिने ब्रिज स्ट्रीटवर कचऱ्याच्या डब्यांत ठेवलेले दोन बॉम्ब फुटले. तीन वर्षांचा जोनाथन बॉल तिथेच गेला, बारा वर्षांचा टिम पॅरी पाच दिवसांनी दवाखान्यात. क्रॅनबेरीज त्या सुमारास इंग्लंडच्या दौऱ्यावर होते. गायिका डोलोरेस ओ'रिऑर्डन तेव्हा २१ वर्षांची, लिमरिकजवळच्या बॅलीब्रिकनची. या घटनेवरचं हे गाणं तिने एकटीने लिहिलं. सप्टेंबर १९९४ मध्ये ते बाहेर आलं.

पहिल्याच ओळीत एक मान झुकते आणि एक मूल हळूच उचलून नेलं जातं. दुसऱ्या कडव्यात आईचं काळीज फुटतं. हे शब्द तोंडात असताना बिअरचा ग्लास उंचावून उड्या मारायच्या, हे मला सहन होत नाही. गाणं थोर आहे, म्हणूनच म्हणतोय. साधं असतं तर कुणी कुठेही गायलं असतं.

डब्लिनकर

पूर्ण असहमत. मी इथे राहतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आयर्लंडचा रग्बी संघ संपूर्ण बेटाचा एकच आहे. उत्तरेतले अल्स्टरचे खेळाडू, ज्यांतल्या काहींच्या घरी ब्रिटनशी निष्ठा असते, ते आणि दक्षिणेतले लिमरिक-कॉर्कचे खेळाडू एकाच जर्सीत खेळतात. म्हणून परदेशातल्या सामन्यांना आयर्लंडचं राष्ट्रगीतसुद्धा वाजवत नाहीत. १९९५ पासून 'आयर्लंड्स कॉल' नावाचं वेगळं गाणं केलंय, कुणी दुखावू नये म्हणून. अशा संघाच्या पाठीराख्यांनी मनापासून गायला कोणतं गाणं उचललं? बंदुकीला नको म्हणणारं. याहून योग्य निवड मला तरी सुचत नाही.

शिवाय १५ जानेवारी २०१८ ला डोलोरेस गेली, ४६ व्या वर्षी, लंडनच्या हॉटेलात. त्यानंतर इथे हे गाणं तिचं झालं. लिमरिक हे रग्बीचं गाव आहे. तिथला माणूस 'झॉम्बी' गातो तेव्हा तो आपल्या गावच्या मुलीला हाक मारत असतो. त्याच्या हातातला ग्लास बघून त्याच्या मनातलं ठरवू नका.

मुळा_मुठा

डब्लिनकर, +१. नव्वदच्या दशकात केबलवर हे गाणं पाहिलं तेव्हा वॉरिंग्टन कुठे आहे हेही आम्हाला ठाऊक नव्हतं. तरी काहीतरी भयंकर घडलंय एवढं त्या आवाजावरून कळत होतं. पुण्यातल्या कॉलेजांच्या बँडनी हे गाणं वर्षानुवर्षं वाजवलंय. ते सगळे चुकले असं मी म्हणणार नाही.

सातपुडा

तुम्ही सगळे स्टेडियमवर अडकलात. मला मूळ गाणंच पटत नाही.

त्या दोन मुलांच्या मृत्यूबद्दल वाद नाही, असूच शकत नाही. पण टिम पॅरी ज्या दिवशी गेला त्याच दिवशी, २५ मार्च १९९३ ला, उत्तर आयर्लंडमध्ये कासलरॉकला व्हॅनमधून कामावर आलेल्या चार जणांना ब्रिटननिष्ठ बंदूकधाऱ्यांनी गोळ्या घातल्या. त्याच दिवशी पश्चिम बेलफास्टमध्ये १७ वर्षांचा एक कॅथलिक मुलगा असाच मारला गेला. वॉरिंग्टननंतर डब्लिनमध्ये शांततेसाठी हजारो लोक रस्त्यावर उतरले. ते योग्यच होतं. पण कासलरॉक हे नाव इथल्या किती जणांनी आजवर ऐकलं होतं, सांगा बरं.

आणि ती १९१६ ची ओळ. तेव्हापासून हेच चाललंय, असं ती म्हणते. १९१६ म्हणजे डब्लिनचा ईस्टर उठाव, ब्रिटिश साम्राज्याविरुद्धचा. त्याच्या नेत्यांना ब्रिटिशांनी भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या. तिथपासून कचऱ्याच्या डब्यातल्या बॉम्बपर्यंत एक सरळ रेघ ओढायची, आणि मधली आयर्लंडची फाळणी, उत्तरेत कॅथलिकांना नाकारलेली घरं नि नोकऱ्या, १९७२ चा डेरीतला ब्लडी संडे, जिथे ब्रिटिश सैनिकांनी मोर्चातल्या १३ निःशस्त्र माणसांना त्याच दिवशी ठार केलं, हे सगळं गाळायचं! दंगल पेटवणाऱ्यांच्या डोक्यात मेंदूच नाही असं म्हटलं की कारणं शोधायची गरज उरत नाही. २०२३ मध्ये उत्तरेतल्या राष्ट्रवादी लोकांना या गाण्याचा राग आला तो याचसाठी. "हा मी नव्हे, माझं कुटुंब नव्हे" ही ओळ लिमरिकमध्ये बसून म्हणणं सोपं आहे. बेलफास्टच्या फॉल्स रोडवर, कॅथलिक वस्तीत राहणाऱ्या बाईला ते म्हणायची सोय नव्हती. तिच्या दारात सैनिक उभा होता.

रानजाई

सातपुडा, तुमचा इतिहास बरोबर आहे आणि गाण्याचं वाचन चुकीचं आहे.

पाच मिनिटांच्या गाण्याने उत्तर आयर्लंडमधल्या संघर्षाच्या तीस वर्षांतल्या सुमारे साडेतीन हजार मृत्यूंची यादी द्यावी अशी अपेक्षा का? तिने दोन मुलांबद्दल लिहिलं कारण ती दोन मुलं तिच्या मनातून जाईनात. शोक असाच असतो, तो एकाच दाराशी बसतो.

दुसरं, कोरसकडे नीट लक्ष द्या. बॉम्ब आणि बंदुकांच्या आधी ती रणगाडे म्हणते. आयआरएकडे रणगाडे नव्हते, लष्करी वाहनं होती ती ब्रिटिश सैन्याकडे. म्हणजे गाण्यात दोन्ही बाजू आहेत. व्हिडिओतही बेलफास्टच्या रस्त्यावर गस्त घालणारे ब्रिटिश सैनिक आहेत आणि त्यांच्या समोर भिंतींवर चढून खेळणारी तिथलीच मुलं. बीबीसीने तो मूळ व्हिडिओ हिंसक म्हणून दाखवला नाही.

"माझं कुटुंब नव्हे" याला तुम्ही हात झटकणं म्हणता. मला ती त्या गाण्यातली सगळ्यात धाडसाची ओळ वाटते. आयआरए आयरिश लोकांच्या नावाने मारत होती. एक आयरिश मुलगी उभी राहून सांगते की माझ्या नावाने नाही. परक्याने निषेध करणं आणि आपल्याच माणसाने करणं यात फार अंतर आहे. घरातल्याच्या विरुद्ध बोलायला काय लागतं हे इथल्या कुणालाही वेगळं सांगायला नको.

बेसवाला

राजकारण बाजूला ठेवून संगीतावर बोलतो, कारण त्यावर अजून कुणीच बोललेलं नाही.

ई मायनर, सी, जी, डी. सुरुवातीपासून शेवटपर्यंत हीच चार कॉर्ड. कडव्यात हळू, कोरसला डिस्टॉर्शनचं, म्हणजे गिटारचा आवाज खरखरीत करणारं पेडल दाबायचं, पुन्हा हळू. १९९४ मध्ये अमेरिकेतला प्रत्येक दुसरा बँड हेच करत होता. नोएल होगनच्या गिटारची खरी खासियत 'लिंगर' आणि 'ड्रीम्स'मध्ये आहे, ती पाण्यासारखी वाहणारी, स्वच्छ. इथे त्याला ते सोडून द्यावं लागलं. क्रॅनबेरीजच्या चांगल्या दहा गाण्यांची यादी केली तर माझ्या यादीत 'झॉम्बी' नसेल. लोकांना ते आवडतं ते मोठ्याने ओरडता येतं म्हणून.

रानजाई

बेसवाला, इथे मात्र भांडणार.

कॉर्ड चारच आहेत, कबूल. पण त्यांच्यावर ती काय करते ते ऐका. कडव्यात आवाज जवळजवळ कुजबुजीइतका. कोरसला तो छातीतून निघतो आणि मध्येच फुटून वरच्या पट्टीत उडी घेतो. ते फुटणं तिने मुद्दाम ठेवलंय. आयर्लंडमध्ये मेलेल्या माणसापाशी बसून बायकांनी गळा काढून गायची जुनी रीत होती. शेवटच्या अक्षराची ती ओढाताण तिथून आलेली मला वाटते. गोड सूर लावून हे गाणं म्हणताच येत नाही, आणि मागे गिटार तेवढी कर्कश नसती तर तो आवाज एकटा पडला असता. हळू-जोरात-हळू हा साचा इतरांनी वापरला म्हणून इथे तो उसना होत नाही. इथे शोक आणि संताप अशा दोन वेगळ्या अवस्था आहेत. त्यांना दोन वेगळे आवाज लागतातच.

डब्लिनकर

एक महत्त्वाची गोष्ट राहिली. डोलोरेस गेल्यावर टिम पॅरीचे वडील कॉलिन पॅरी रेडिओवर बोलले. हे गाणं वॉरिंग्टनवर आहे हे त्यांना आदल्याच दिवशी कळलं होतं. तोवर त्यांना पत्ताच नव्हता. मग त्यांनी लॅपटॉपवर ते लावलं, शब्द ऐकले, आणि त्या शब्दांची मनापासून स्तुती केली. ज्याचा मुलगा गेला त्याला ते एकांगी वाटलं नाही, त्याच्या काळजाला भिडलं. यापुढे आपण काय बोलणार?

काळी_पाच

डब्लिनकर, ही गोष्ट मला माहीत आहे आणि ती माझ्याच बाजूची आहे! जगभर वाजलेलं गाणं, १९९५ चा एमटीव्ही युरोपचा सर्वोत्तम गाण्याचा पुरस्कार मिळालेलं, आणि ज्या मुलासाठी लिहिलं त्याच्या बापापर्यंत त्याचा अर्थ पोचायला जवळजवळ २५ वर्षं लागली. का? तर सगळे फक्त कोरस गात होते. पॅरिसमध्ये तेच चालू होतं. गावच्या मुलीला हाक मारतात म्हणालात ते मान्य, पण मग त्या दोन मुलांना कोण हाक मारतंय?

सातपुडा, तुमच्या कासलरॉकच्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण त्यासाठी आणखी एक गाणं हवं होतं. हे गाणं कमी व्हायला नको होतं.

सातपुडा

आणखी गाणी होती. ती रेडिओवर लागत नव्हती. माझा रोख त्यावरच आहे. कुणाचं दुःख जगभर वाजतं आणि कुणाचं गल्लीतच राहतं हे आपोआप ठरत नाही.

रानजाई, रणगाड्यांचा मुद्दा मी लक्षात घेतला. पण त्याच कोरसचा रोख कुणाच्या 'डोक्यात' काय चाललंय यावर आहे आणि लगेच पुढे १९१६ येतं. ऐकणारा रणगाडे विसरतो, १९१६ विसरत नाही. व्हिडिओबद्दल म्हणाल तर बेलफास्टची खरीखुरी मुलं आणि खरे सैनिक एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला क्रॉससमोर सोनेरी रंगाने माखलेली गायिका. खऱ्या गल्लीचं नेपथ्य करून टाकलंय. मला ते पाहवत नाही.

गाण्याच्या प्रामाणिकपणावर मी कधीच शंका घेतली नाही, हे इथे स्पष्ट करतो. प्रामाणिक माणूसही अर्धंच बघू शकतो.

मुळा_मुठा

बॅड वुल्व्ह्ज या अमेरिकन बँडने २०१८ मध्ये केलेलं 'झॉम्बी' कुणी ऐकलंय का? त्यांनी १९१६ च्या जागी २०१८ घातलंय आणि शस्त्रांत ड्रोनची भर टाकलीय. डोलोरेस स्वतः त्यात गाणार होती, रेकॉर्डिंग ठरलं होतं, आणि त्याच दिवशी ती गेली. त्यांनी गाण्याची कमाई तिच्या मुलांना दिली. सातपुडा, तुमची अडचणीची ओळच तिथे नाही.

सातपुडा

ऐकलंय. ते तर आणखी वाईट. १९१६ काढल्यावर गाणं कुठलंच राहत नाही. निदान डोलोरेसचं गाणं एका जागेचं आहे, म्हणून तिच्याशी भांडता येतं. त्या नव्या रूपाशी काय भांडायचं?

बेसवाला

हे मात्र शंभर टक्के खरं. आणि संगीत म्हणूनही ते नुसतं जड केलंय, कडव्यातली ती शांतता घालवून टाकलीय.

रानजाई, तुमच्या मुद्द्यावर: २०१७ मध्ये क्रॅनबेरीजनी 'समथिंग एल्स' नावाचा अल्बम केला, बहुतेक जुनीच गाणी आयरिश चेंबर ऑर्केस्ट्राच्या व्हायोलिन-चेलोसोबत, डिस्टॉर्शनशिवाय. त्यात 'झॉम्बी' आहे. गिटारच्या भिंतीशिवाय तिचा आवाज तिथे एकटा पडत नाही, उलट शब्द पहिल्यांदा स्पष्ट ऐकू येतात. माझ्या मते मूळ रेकॉर्डिंगपेक्षा ते सरस आहे. तुम्ही ऐकून सांगा.

रानजाई

ऐकलंय, अनेकदा. फार सुंदर आहे. पण तिथे ती दुःखी आहे, चिडलेली नाही. १९९४ ची डोलोरेस चिडलेली होती. दोन मुलं मारली गेल्यावर कुणीतरी चिडायलाच हवं होतं, आणि त्यासाठी मला ती कर्कश गिटारच लागते.