रिहॅबमध्ये कॅरम खेळवण्याचे वेगळे पैसे? हे थेरपिस्ट करतात तरी काय?

लालबागची सून:
सासऱ्यांना पॅरालिसिसचा झटका येऊन गेला, डावी बाजू गेली आहे. रिहॅब सेंटरला नेते. फिजिओचं समजतं, पण त्यानंतर एक मुलगी पाऊण तास त्यांच्याशी कॅरम नाहीतर हाऊजी खेळते. बिलात ‘रिक्रिएशनल थेरपी’ म्हणून वेगळी ओळ. नवरा म्हणतो, कॅरम तर आपल्या चाळीच्या गॅलरीत फुकट आहे! कुणी या लाइनमधलं आहे का?

परळची ओटी:
मी आहे. शिक्षण ऑक्युपेशनल थेरपीचं (ओटी, म्हणजे आजारानंतर रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून करायचे उपचार), मुंबईच्या केईएम हॉस्पिटलचं (तिथला कोर्स १९५० पासून आहे, कमलाबाई निंबकरांनी सुरू केलेला). अमेरिकेत रिक्रिएशनलवाल्यांची, म्हणजे खेळ-छंदांतून उपचार करणाऱ्यांची, वेगळी सर्टिफिकेट परीक्षा असते. आपल्याकडे बहुतेक आमच्यासारखेच हे काम करतात.

ताई, पुढच्या वेळी दारातून बघा. सासरे उभे राहून खेळतात का? डावा तळवा बोर्डाच्या काठावर टेकवलेला असतो का? मग त्यांचं वजन डाव्या पायावर येतंय. नुसतं ‘पाच मिनिटं उभे राहा’ म्हटलं तर माणूस वैतागतो, राणी घ्यायची असली की विसरून उभा राहतो.

हाऊजीचं तर विचारूच नका, माझं लाडकं हत्यार. तिकिटावर लहान आकडे डावीकडे असतात. सात पुकारला, तिकिटावर आहे, तरी खूण नाही! डोळे ठीक असतात, पण अशा झटक्यात कधी कधी मेंदू डावी बाजू धरतच नाही. मग तिकिटाच्या डाव्या कडेला लाल पट्टी लावायची, तिथून वाचायला सुरुवात करायला सांगायचं. पुढे पट्टी काढून बघायचं.

खेळवणं त्यामानाने सोपं. आधी माणसाला काय आवडायचं ते काढून घ्यावं लागतं. एक निवृत्त कंडक्टर कशालाच हात लावेनात. शेवटी सुटे पैसे मोजायला दिले आणि जुन्या रूटचे थांबे क्रमाने विचारले. बोटंही चालली, तोंडही. वर सगळं लिहायचं: किती वेळ उभे, किती वेळा आठवण करून दिली. ‘छान खेळले’ एवढंच लिहिलं तर सिनिअर कागद परत देतात.

मुलुंडकर:
आईच्या डे-केअरमध्ये (डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश) सगळ्यांना एकच रंगवायचं पुस्तक देतात. तिने आयुष्यात ब्रश धरला नाही. तिला मटार सोलायला द्या म्हटलं, तर ‘नियमात बसत नाही’.

परळची ओटी:
मग ते नुसतं वेळ घालवणं. त्याचे वेगळे पैसे लावले तर जरूर भांडा.

लालबागची सून:
हो, उभेच असतात! आणि डाव्या कोपऱ्यातली सोंगटी खरंच सोडतात, मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. मग आता गॅलरीतही खेळवू का?

परळची ओटी:
आधी त्या मुलीला विचारा. ती हो म्हणाली तर खेळवा, पण मागे खुर्ची भिंतीला लावून ठेवा आणि एक माणूस डाव्या बाजूला उभा पाहिजे. उठवताना डावा हात धरून ओढू नका, खांदा निखळतो. हे चाळीतल्या पोरांनाही सांगा, तीच मदतीला पहिली धावतात.