पीक डिस्ट्रिक्टमधला गुहा-खाणींचा मेळावा : सह्याद्रीतलं रॅपलिंगचं सामान चालेल का?

लीड्सकर :
येत्या शनिवार-रविवारी इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्टमध्ये, कॅसलटनजवळ गुहा आणि जुन्या खाणींत उतरणाऱ्यांचा मेळावा आहे. शनिवारी शिशाच्या जुन्या खाणीतला २५ मीटरचा कूप दोरावरून उतरायचा आणि दोरावरूनच परत चढायचा. रविवारी पी-८ गुहा. सह्याद्रीतलं रॅपलिंग, म्हणजे दोरावरून कडा उतरणं, येतं. हाताशी हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचा पट्टा), फिगर ऑफ एट (उतरताना दोर ओवायची आठच्या आकाराची कडी), एक जुमार (दोरावर फक्त वर सरकणारी मूठ), १०.५ मिमीचा डायनॅमिक, म्हणजे ताणला जाणारा, दोर आणि हेल्मेट आहे. यातलं काय चालेल? खाणीत लक्ष कशावर ठेवायचं?

कातळकडा :
जुमार आणि हेल्मेट न्या, बाकीचं घरी राहू द्या.

फिगर ऑफ एट दोरात घालताना आणि काढताना कॅरॅबिनरमधून (हार्नेसला अडकवायच्या, उघडणाऱ्या कडीतून) सोडवावा लागतो. कूपात दोर कडेला घासू नये म्हणून तो मध्येच दुसऱ्या बोल्टला बांधलेला असतो. तिथे लटकत्या अवस्थेत, चिखलाच्या हातमोज्यांनी तो सोडवायला गेलात की हातातून निसटतो आणि थेट तळाशी जातो. शिवाय त्याने दोराला पीळ पडतो. इथे उतरायला दोन पुलीसारख्या चकत्यांचा डिसेंडर वापरतात. त्याची एक बाजू उघडते, त्यामुळे दोर बदलताना तो हार्नेसलाच राहतो.

डायनॅमिक दोर तर नकोच. चढताना तो ताणला जातो, प्रत्येक हिसक्याला वरखाली होतो आणि खडकाच्या धारेवर करवतीसारखा घासतो. इथे ९ ते ११ मिमीचा स्टॅटिक, म्हणजे फारसा न ताणणारा, दोर लागतो. टोकापासून हातभर वर गाठ मारलेली आहे ना, हे उतरण्याआधी स्वतः पाहा. मात्र डायनॅमिक दोराचा तुकडा काऊटेलसाठी, म्हणजे स्वतःला बोल्टला अडकवायच्या हार्नेसच्या दोऱ्यांसाठी, हवाच, एक आखूड आणि एक लांब. लांब काऊटेल इतकीच असावी की तिच्यावर लटकल्यावर तिचा कॅरॅबिनर हाताच्या टप्प्यात राहील.

चढायला छातीवर दुसरा ॲसेंडर, म्हणजे जुमारसारखाच फक्त वर सरकणारा चिमटा, लागतो. हातातल्या जुमारला पायाची दोरी असते. पाय ताठ करून उभं राहायचं, छातीचा ॲसेंडर वर सरकतो, मग बसायचं आणि जुमार वर ढकलायचा. थोडक्यात ऊठबशाच. गिर्यारोहणाच्या हार्नेसचा लूप यासाठी उंच पडतो, दर खेपेला चार-सहा इंच वाया जातात आणि दंड भरून येतात. मेळाव्यात हा सगळा सेट उसना मिळतो का ते आधी विचारा. झाडाला दोर बांधून चढण्यावरून उतरण्यावर आणि परत चढण्यावर येण्याचा सराव दहा-बारा वेळा करा.

शिसेवाला :
सह्याद्रीत पायाखाली कातळ असतो. खाणीत पायाखालची जमीन माणसाने रचलेली असू शकते, आणि हा फरक डोक्यात पक्का बसला पाहिजे. शिशाची शीर उभी असते. खाणकामगार ती वर-खाली पोखरत आणि निघालेला दगड आडव्या लाकडांवर रचून ठेवत. लाकूड कुजलं तरी वरचे दगड एकमेकांत अडकून तसेच राहतात. दिसायला खडीची वाट, पण खाली मोठी पोकळी. वाट पोकळ वाजली किंवा दगडांतून गार झुळूक आली तर थांबा. आधारदोर बांधल्याशिवाय पुढे जायचं नाही, आणि एका वेळी एकच जण. डोक्यावरच्या रचलेल्या दगडांना आणि जुन्या लाकडाला हात लावू नका. डिटोनेटर किंवा स्फोटकाची कांडी दिसली तर जागा लक्षात ठेवून बाहेर आल्यावर कळवा.

दुसरी गोष्ट हवेची. काडी पेटते म्हणजे हवा ठीक, हा समज घातक आहे. ३ टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळला तरी काडी पेटलेलीच राहते, पण माणसाला धाप लागते आणि डोकं दुखू लागतं. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही मोजणारं यंत्र गटात हवं. नेहमीचा ऑक्सिजन २०.९ टक्के असतो, १९.५ ला मागे फिरा. बंद टोकं आणि खाली उतरणारे आंधळे कूप सगळ्यात वाईट. हवेचा दाब उतरत असेल तर भेगांतली खराब हवा बाहेर येते, म्हणून काल चांगली असलेली जागा आज तशीच असेल असं धरू नका.

लीड्सकर :
मनापासून आभार. रविवारी पावसाचा अंदाज आहे. पी-८ ला जावं का?

कातळकडा :
जोराचा पाऊस असेल तर नाही. जवळच्या रशअप एज या डोंगरधारेवर पडलेलं पाणी शेलवरून, म्हणजे पाणी न मुरणाऱ्या खडकावरून, धावत येतं आणि चुनखडी सुरू होते तिथेच विवरांत शिरतं. पी-८ त्यांतलंच एक. मुरायला माती-मुरूम फारसा नाही, त्यामुळे पाणी झपाट्याने चढतं आणि आतले धबधबे दोराच्या वाटेवर येतात. वर ऊन पडलं तरी आदल्या रात्रीचा पाऊस मोजा.

आत वर्षभर ८-९ अंश असतात. सुती कपडा किंवा जीन्स अंगावर नको, आत फ्लीसचा आणि वर जाड नायलॉनचा अंगरखा, पायात गमबूट. दोन स्वतंत्र दिवे हेल्मेटवर, तिसरा खिशात.

शिसेवाला :
बाहेरच्या एकाकडे गुहेचं नाव, गटातली माणसं, परतायची वेळ आणि त्यानंतर किती वाजता मदत बोलवायची हे लिहून द्या. तेव्हा ९९९ लावून आधी 'पोलीस' मागायचे, मग त्यांना 'केव्ह रेस्क्यू' सांगायचं. आणि खाणीतल्या चिखलात शिसं असतं, डबा उघडण्याआधी हात साबणाने धुवा.