लिमिटर नंतर, आधी किक आणि बास
परभणीत घरी केलेल्या तुमच्या ट्रॅकला ड्रॉपवर, म्हणजे ताण वाढवून बीट जोरात सुरू होतो त्या जागी, उसळी येत नाही, म्हणून लिमिटर (आवाजाला ठरलेल्या पातळीच्या वर जाऊ न देणारं साधन) आणखी दाबा असा सल्ला वर आलाय. मला तो अजिबात पटत नाही. लिमिटर फार दाबला की सगळ्यात आधी किकचा, म्हणजे खालच्या जाड ड्रमचा, ठोकाच सपाट होतो. शिवाय स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगवर गाणी साधारण -१४ एलयूएफएसला (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) आणतं, मग नुसता मोठा आवाज काय कामाचा?

गर्दी बहुधा ५० ते १५० हर्ट्झमध्ये आहे. किक, बास आणि तुम्ही वापरलेल्या संबळाचा घुमारा, तिघंही तिथेच. किकवरून बासला साइडचेन लावा, म्हणजे किक वाजली की बास आपोआप दबेल, आणि रिलीज (दबलेला आवाज परत यायला लागणारा वेळ) असा ठेवा की पुढच्या ठोक्याआधी बास पूर्ण परत येईल. संबळाला हाय-पास (खालचे सूर कापणारा फिल्टर) लावून त्याची कडक, बारीक बाजू पुढे येऊ द्या. तुळजापूरच्या गोंधळात कानाला भिडते ती तीच.

ड्रॉपआधीचे दोन बार (तालाची दोन आवर्तनं) बास काढा, बाकीचंही दीड-दोन डीबी खाली घ्या. ड्रॉपला हात न लावता तो मोठा वाटेल.

आणि हो, कूलर चालू ठेवून बास ठरवू नका. त्याच्या घरघरीत खालचे सूर झाकले जातात आणि आपण बास उगाच वाढवतो. नवीन मिक्स नक्की टाका, मला ऐकायचंय.