लैंगिक शिक्षण मोबाईलवरून झालेल्यांचे अनुभव हवेत

समुपदेशनाच्या कामात विशी-पंचविशीतली मुलंमुली भेटतात. पॉर्न पाहिल्याची लाज वाटते, पण विचारायला दुसरं कोणी नव्हतं, हे जवळपास सगळ्यांचं म्हणणं. २००७ साली महाराष्ट्राने शाळांतला किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम बंद केला. २०१६ नंतर इंटरनेट मातीमोल भावाने खिशात आलं. या काळात वाढलेल्यांनी लिहा. निनावी चालेल. पाहिलेल्याची वर्णनं नकोत, आणि कोणी कोणाला नावं ठेवू नका.

निनावी, नाशिक:
शाळेत प्रजननाचा धडा 'घरी वाचून घ्या' म्हणून सोडला. पुढचं सगळं इंजिनीअरिंगच्या होस्टेलवर, क्लिप्समधून. आपण कमी पडणार ही भीती तिथेच डोक्यात बसली. लग्न ठरल्यावर ती इतकी वाढली की हायवेलगतच्या तंबूतून 'धातू जाते' म्हणून पुड्या आणल्या. शेवटी मूत्रविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या पाठीमागे आकृती काढली. वीर्य शरीरात बनतच राहतं, ते गेल्याने अशक्तपणा येत नाही. पडद्यावर दिसतं ते तुकडे जोडून तयार केलेलं असतं. पुड्या तिथेच टाकायला लावल्या. त्यात काय मिसळलंय ते विकणाराही सांगणार नाही, म्हणाले. हे सगळं मला विसाव्या वर्षी कोणी का सांगितलं नाही?

सांगलीकरीण:
आमचं ठरवून लग्न. नवरा स्वभावाने गरीब, पण मी 'नको' म्हटलं की त्याला वाटायचं, लाजतेय. त्याने पाहिलेल्यात कोणी कोणाला विचारत नव्हतं, दुखतही नव्हतं. मला दुखायचं. सासूबाईंना काय सांगणार? स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी दोघांना समोर बसवलं. घाई नको, कोरडेपणा असेल तर जेल वापरा, आणि ती थांब म्हणाली की थांबायचं. बाहेर आल्यावर म्हणाला, "मला हे कोणी सांगितलंच नव्हतं गं." खरंच नव्हतं सांगितलं. आता आमचं बरं चाललंय, तरी त्या महिन्यांचा राग मला अजून मधूनच येतो.

पाहुणा:
मी कधीमधी पाहतो. नोकरी, संसार नीट आहे. मला छळलं ते अपराधीपणाने. कुठवर ठीक आणि कुठे अती, एवढं तरी सांगा.

धागाकर्ती:
पाहुणा, ठरवूनही थांबता येत नसेल, झोप, काम किंवा जोडीदाराशी नातं बिघडत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना जरूर भेटा. नुसतं पाहिलं म्हणजे आजार नव्हे. असे प्रश्न आपल्याकडे आजचे नाहीत. हस्तमैथुन, समलिंगी संबंध यांवरच्या वाचकांच्या प्रश्नांना 'समाजस्वास्थ्य' मासिकात उत्तरं छापली म्हणून संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्व्यांवर १९३४ साली खटला चालला, आणि त्यांच्या बचावाला वकील म्हणून डॉ. आंबेडकर उभे राहिले.

प्राध्यापिका, यवतमाळ:
गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांची तरुणांसाठी लैंगिक शिक्षणाची 'तारुण्यभान' शिबिरं होतात. तसं काही आमच्याकडे व्हावं म्हणून कॉलेजात एका डॉक्टरांना बोलावलं. प्रश्न चिठ्ठीवर, नावाशिवाय. एका चिठ्ठीत होतं, 'मुलीला नको असेल तर ओळखायचं कसं?' डॉक्टरांनी तो मुलींपुढे ठेवला. आधी एकच उठली, मग थांबेचनात. मुलं मन लावून ऐकत होती. पुढच्या वर्षी पालकांच्या तक्रारीमुळे परवानगी नाकारली. यंदा अर्जात पालकांसाठीही वेगळं सत्र मागितलंय. पालकांसमोर कोणी बोललं असेल तर सुरुवात कशी केलीत, ते लिहा.