पूर्ण कवळी: पारंपरिक, झटपट की डिजिटल? अनुभव हवेत

आमच्या अण्णांची (वय 76) कवळी बदलायची आहे. वरची अजून घट्ट बसते, खालची मात्र बोलताना उचलली जाते. जेवायला बसले की ती काढून वाटीत ठेवतात आणि भाकरी दुधात कुस्करून खातात. लग्नकार्यात तेवढी घालतात. म्हणजे कवळी फोटोपुरतीच.

तीन ठिकाणी विचारलं, तीन तऱ्हा. डेंटल कॉलेजात पारंपरिक पद्धत: आधी कच्चं माप, त्यावरून अण्णांच्या जबड्याचा खास ट्रे (माप घ्यायचा साचा), ग्रीन स्टिकने (गरम केली की मऊ होणाऱ्या कांडीने) त्याच्या कडा, मग पक्कं माप, मेणावर चावा, मेणात दात लावून ट्रायल, आणि शेवटी कवळी. स्वस्त, पण फेऱ्या फार. जवळचे डॉक्टर म्हणतात, अल्जिनेटने (पाण्यात कालवायच्या मापाच्या पावडरीने) एकदाच माप घेऊ, लवकर होईल. तिसरीकडे स्कॅन करून मशीनवर कोरून देतात. फाइल राहते, त्यामुळे हरवली तर तशीच दुसरी मिळते. खर्चही तसाच सणसणीत.

अण्णांचे गुडघे दुखतात, म्हणून कमी फेऱ्या बऱ्या. पण एकाच मापात उरकलेलं काम टिकेल का, ही शंका जात नाही. दिसते कशी ते नका सांगू. खालची घालून जेवता येतं का, टोचते का, की सहा महिन्यांत पुन्हा वाटीत, एवढंच सांगा.

प्रतिसाद

मी कवळ्यांच्याच कामात आहे. पारंपरिक आणि एकाच मापाची सोपी पद्धत, नेमकी हीच तुलना कॅनडात मॉन्ट्रियलला झाली होती. 2005 साली आलेल्या त्या अभ्यासात सहा महिन्यांनी पारंपरिक आणि सोप्या पद्धतीच्या रुग्णांच्या समाधानात लक्षणीय फरक नव्हता. तेव्हा कमी फेऱ्यांना घाबरू नका.

खरी अडचण खालच्या जबड्याची. तिथलं हाड वरच्यापेक्षा बरंच जास्त झिजतं, टाळूसारखा आधार नाही, वर जीभ सतत ढकलते. हाड सपाट झालं असेल तर खाली दोन इम्प्लांट (हाडात बसवायचे स्क्रू) लावून त्यांवर कवळी अडकवतात. 2002 साली मॉन्ट्रियलच्याच मॅकगिल विद्यापीठातल्या परिषदेत तज्ज्ञांनी खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय सुचवला होता. शुगर किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या असतील तर आधीच सांगा.

कुठेही करा, टोचणारी जागा घासून घ्यायला नंतर जावं लागतंच; ते पैशात धरलंय का विचारा. आणि मापाआधी एक-दोन दिवस जुनी कवळी घालू देऊ नका, दबलेल्या हिरड्यांचं माप चुकतं. ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) काढलाय का?