मदत हवी आहे: आग, पूर आणि भूकंप यांसाठी शाळेत वेगवेगळे इशारे कसे ठरवावेत? (पुणे)

नमस्कार. सिंहगड रस्ता परिसरातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी शिक्षिका आहे. शाळेचा आपत्कालीन आराखडा नव्याने लिहिण्याचे काम यंदा मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्याकडे सोपवले आहे. जुन्या आराखड्यात समित्या भरपूर आहेत, पण घंटा झाल्यावर कोणता वर्ग कोणत्या जिन्याने उतरणार, हे कुठेच लिहिलेले नाही.

मुख्य अडचण घंटेचीच आहे. आग लागली तर मुलांनी खाली मैदानात यायचे. मुठेचे पाणी चढले तर तळमजल्यावरच्या बालवर्गांनी वर जायचे. आणि जमीन हादरली तर हादरा थांबेपर्यंत बाकाखाली डोके झाकून बसायचे. (भूकंप पुण्याला परका नाही, १९६७ चा कोयनेचा धक्का इथेही जाणवला होता.) आमच्याकडे मात्र एकच विजेची घंटा आहे. वीज गेल्यावर शिपाईमामा पितळी टोल देतात, तो मधल्या सुट्टीचाच समजून मुले डबे काढतात. पहिली-दुसरीच्या मुलांनाही गोंधळ न होता ओळखता येतील असे इशारे कोणी प्रत्यक्ष वापरले आहेत का?

दुसरा प्रश्न मागच्या जिन्याचा. शाळा भरली की त्याच्या सरकत्या जाळीला कुलूप लागते. परके कोणी आत येऊ नये ही काळजी रास्तच आहे, परंतु २००४ मध्ये कुंभकोणमच्या शाळेतील आगीत ९४ मुले दगावली, हे माहीत असताना त्या कुलपावर सही करायला माझा हात धजत नाही. आतून सहज उघडेल पण बाहेरून उघडणार नाही, असे दार जुन्या इमारतीत बसवून घेतलेल्यांनी खर्च आणि कारागिरांविषयी सांगावे. अग्निशमन उपकरणे सुस्थितीत असल्याचे, दर जानेवारीत आणि जुलैत लागणारे प्रमाणपत्र आम्ही वेळेवर घेतो, त्यामुळे तो भाग सोडून दिला तरी चालेल.

शेवटचा मुद्दा मुले पालकांच्या ताब्यात देण्याचा. जुलै २०२४ मध्ये खडकवासला धरणातून विसर्ग वाढल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले होते. असे दुपारच्या अधिवेशनात घडले, तर रिक्षावाले काका, शेजारी, आजोबा असे सगळेच एकदम फाटकाशी येतील आणि फोन लागणार नाहीत. मूल कोणाकडे द्यायचे याची पालकांच्या सहीची यादी वर्गशिक्षकांच्या हजेरीपटातच ठेवावी, असे माझे मत आहे. सहकाऱ्यांना ती कार्यालयात हवी आहे. आपल्या शाळेत ही यादी कुठे असते आणि रंगीत तालमीत ती वापरून पाहिली आहे का?