पोल्सची सरासरी काढताना कुठला सर्व्हे घ्यायचा, कुठला नाही, हे ठरवतं कोण?

मंजिरी_एनजे:
२०२४ च्या अमेरिकन निवडणुकीचे जुने आकडे परत काढून बसलेय. सर्व्हेंची सरासरी काढणाऱ्या दोन वेबसाइट, रिअलक्लिअर आणि फाइव्हथर्टीएट. शेवटच्या दिवशी देशपातळीवर रिअलक्लिअरच्या सरासरीत हॅरिस ०.१ टक्क्याने पुढे, फाइव्हथर्टीएटवर १.२ ने, आणि निकालात ट्रम्प जवळपास १.५ ने पुढे. सर्व्हे तर दोघांसमोर तेच होते ना, मग आकडा वेगळा कसा येतो? हवा तो आत आणि नको तो बाहेर असं चालत असेल तर खरंच वाईट आहे.

सांख्यिकीवाला:
दोघांची पद्धतच वेगळी होती. रिअलक्लिअर अलीकडचे काही सर्व्हे घेऊन सरळ सरासरी काढतं, सगळ्यांना सारखं वजन. फाइव्हथर्टीएट सहसा बरेच जास्त सर्व्हे घ्यायचं पण प्रत्येकाचं वजन वेगळं, म्हणजे सर्व्हे करणाऱ्या कंपनीचं रेटिंग काय, सॅम्पल किती, सर्व्हे किती ताजा, आणि एखादी कंपनी कायम एकाच बाजूला झुकलेली दिसली तर तेवढं वजा करायचं. मार्च २०२४ मध्ये त्यांनी रासमुसेन या सर्व्हे कंपनीला यादीतून पूर्ण काढलं, रिअलक्लिअरने मात्र ठेवलं.

वाचक७२:
रासमुसेनला काढलं ते मला अजून पटलेलं नाही. २०१६ ला मिशिगनमध्ये ट्रम्प पुढे आहे असं जवळपास एकटी ट्रफाल्गर ही सर्व्हे कंपनी दाखवत होती, तेव्हा सगळे तिला वेड्यात काढत होते आणि ट्रम्प तिथे जिंकला. आणि उलट बघा, सर्व्हे करणाऱ्या ॲन सेल्झरचं आयोवात केवढं नाव, तिच्या शेवटच्या पोलमध्ये हॅरिस ४७ ट्रम्प ४४, आणि ट्रम्प तिथे १३ ने जिंकला. म्हणून आकडा विचित्र वाटतो एवढ्यावरून कुणालाच बाहेर काढू नये, आकडे बनवलेत असा पुरावा असेल तरच काढा.

दुपारचा_चहा:
मी तेव्हा स्वतः एक्सेलमध्ये सरासरी काढायचो, तेव्हा कळलं की खरी भानगड कंपनी निवडण्याच्या आधीच सुरू होते. एकाच सर्व्हेचे चार आकडे येतात, नोंदणीकृत मतदारांचा वेगळा, मतदान करतील असे वाटणाऱ्यांचा वेगळा, त्यात परत तिसरा उमेदवार केनेडी धरून आणि न धरून. पहिला आठवडा मी चारही भरत गेलो आणि एकाच कंपनीने माझी अख्खी सरासरी ओढून नेली 🙁 ट्रॅकिंग पोलचं, म्हणजे रोज नवे लोक घेत शेवटच्या काही दिवसांचा आकडा देणाऱ्या पोलचं, तर अजून वेगळं, सोम-मंगळ-बुधचा आकडा आणि मंगळ-बुध-गुरुचा आकडा, यात दोन दिवसांची माणसं तीच असतात, दोन्ही धरले तर त्यांना दोनदा मोजल्यासारखं होतं. मग मी नियम केला की एका कंपनीचा सगळ्यात ताजा एकच पोल, त्यातला मतदान करणाऱ्यांचा आकडा, आणि हे सगळं कागदावर आधीच लिहून ठेवायचं, आकडा बघितल्यावर नियमाला हात लावायचा नाही.

मंजिरी_एनजे:
हे आवडलं, नियम आधी लिहून ठेवायचा. पण उमेदवाराच्या टीमनेच करून घेतलेले सर्व्हे असतात त्यांचं काय करायचास?

दुपारचा_चहा:
ते मी घ्यायचोच नाही. आपला माणूस मागे दिसला तर तो आकडा बाहेर सोडतंय कोण, पुढे असलेलेच आपल्यापर्यंत येतात. फाइव्हथर्टीएट घ्यायचं, पण त्या बाजूचा फायदा वजा करून. वजा किती करायचा हे मला घरबसल्या ठरवता येईना म्हणून सोडले.